मांडीवरचा पेला

रोज सकाळी पहिला रुग्ण येण्याआधी सर जबड्याचे फोटो काढण्याच्या यंत्रात एक वांगे बसवीत. माणसाने हनुवटी टेकवायची जी जागा असते, तिथे कापसाची गादी ठेवून त्यावर भरताचे हिरवे, गुबगुबीत वांगे देठ वर करून उभे करायचे, दोन्ही बाजूंनी आधार द्यायचा, बाहेर जाऊन दार लावायचे आणि काचेतून पाहत कळ दाबायची. यंत्राचा हात त्या वांग्याभोवती एक संथ फेरी घेई आणि थोड्या वेळाने पडद्यावर वांग्याचे काप दिसू लागत : उभे, आडवे, समोरून मागे. न चिरता चिरलेले वांगे. सर ते काप एकेक सरकवीत अळीने केलेले भोक शोधत. भोक असले तर यंत्र नीट, नसले तर वांगे नीट. दोन्हीपैकी काही ना काही नीट निघतेच, असे ते म्हणत. यंत्र तपासायला कंपनीने दिलेला ठोकळा होता, आणि नियमाप्रमाणे तोही ते तपासत. पण त्यांचा खरा विश्वास वांग्यावर.

त्यांचे राहते घर त्या एक्स-रे केंद्राच्या मागेच होते. तपासलेले वांगे घेऊन ते मागच्या दाराने आत जात, तेव्हा स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नीचा, म्हणजे आमच्या काकूंचा, प्रश्न येई, "आजचं पास की नापास?" पास झालेल्या वांग्याचे भरीत होई. एक्स-रेचे काही मागे उरत नाही, हे सरांनी त्यांना नाना परींनी समजावले होते. काकूंनी ते मान्यही केले होते. तरी पाहुण्यांना वाढताना त्या वांग्याची हकिगत हटकून सांगत, आणि पाहुण्याचा घास हातातच थांबला की सरांकडे पाहून गालात हसत.

मी धुळ्यात दातांचा दवाखाना चालवतो. त्या काळी जबड्याचे असे त्रिमिती चित्र काढायचे तर आम्ही रुग्ण जळगावला सरांकडे पाठवीत असू. साध्या एक्स-रेत सगळे एका कागदावर येते. पुढचे आणि मागचे एकमेकांवर पडते. रस्त्यावरून केळीचा बाग पाहिला तर रांगेतले मागचे झाड पुढच्याला चिकटलेले वाटते, बांधावर जाऊन वळसा घातला की कळते, मध्ये चांगली चालत जाण्याइतकी जागा आहे. हा वळसा म्हणजे हे यंत्र, असे सर रुग्णाला सांगत. हाड समजावायचे असले की ते केळीच्या खांबाचा काप दाखवीत. त्यातली जाळी, जाळीतल्या पोकळ्या, बाहेरचे घट्ट वेष्टन. टेबलावर असा एक काप नेहमी असे आणि दुपारपर्यंत तो काळा पडे.

आमच्या व्यवसायातल्या मंडळींत त्यांचे नाव मात्र 'परत पाठवणारे सर' असे पडले होते. चिठ्ठीवर आम्ही 'थ्रीडी फोटो काढावा' असे लिहून द्यायचे आणि सरांनी तोंड उघडून पाहायचे, जुना साधा फोटो उजेडासमोर धरायचा आणि सांगायचे, "यात दिसतंय की. नव्याची गरज नाही. जा घरी." रुग्ण खूश, आम्ही नाराज. आपल्या चिठ्ठीला कोणी नाही म्हणावे हे आम्हाला सोसत नसे. मी स्वतः याबद्दल दोन-तीनदा फोनवर जरा चढ्या आवाजात बोललो आहे. ते शांतपणे ऐकून घेत आणि शेवटी एकच विचारीत, "कारण काय?" कारण सांगता आले तर लगेच फोटो. माझ्याकडे कारण कमी आणि सवय जास्त, हे माझ्या ध्यानात यायला वेळ लागला.

ज्यांचे फोटो ते काढत, त्यांच्याशी त्यांचे वागणे वेगळेच असे. गळ्या-कानातले धातू चित्रात चमकून सगळे बिघडवतात, म्हणून काढून ठेवावे लागतात. बायका मंगळसूत्र काढायला कचरत. इतर ठिकाणी त्यावरून वाद होतात. सर म्हणत, "काढून मुठीत धरा, ताई. मुठीचा फोटो मला नकोच आहे." एवढ्यावर प्रश्न मिटे. कवळीवाल्या म्हाताऱ्यांना ते स्वतः वाटी आणून देत आणि कवळी काढताना पाठ करून उभे राहत.

चित्र वाचायची त्यांची रीतही उलटी होती. ज्या दाताची तक्रार, तो दात ते सर्वांत शेवटी पाहत. आधी दुसरी, निरोगी बाजू. तिथून हळूहळू, एकेक काप सरकवीत, जबड्याचा सांधा, नाकाशेजारची पोकळी, समोरचे दात, आणि मग कुठे दुखरी जागा. चित्रे कोणाला मोबाइलवर पाठवायची नाहीत, ज्याला दात काढायचा त्याने शेजारी बसून पाहायचे, हाही त्यांचाच नियम. मी शेजारी बसून चुळबुळ करीत असे. ते वळून न पाहता म्हणत, "डॉक्टर, या माणसाचं चांगलं हाड कसं दिसतं ते आधी बघू द्या. नाहीतर वाईट कशाला म्हणायचं?"

असेच एकदा मी साक्रीच्या एका ट्रम्पेटवाल्यांना सोबत घेऊन गेलो होतो.

ते लग्नाच्या बॅण्डमध्ये ट्रम्पेट वाजवीत. चाळिशी ओलांडलेले, भरदार छातीचे, अहिराणीत मृदू बोलणारे. गावात त्यांना सगळे भाऊ म्हणत, मीही म्हणू लागलो. त्यांची खालची अक्कलदाढ हाडात आडवी पडली होती. तिच्यावरची हिरडी पुन्हा पुन्हा सुजे, ताप येई, तोंड उघडेनासे होई. मागच्या लग्नसराईत ऐन वरातीत हे दुखणे उठले आणि बॅण्डला ट्रम्पेटवाचून चालावे लागले. पुढची सराई तोंडावर आली होती, त्याआधी दाढ काढून टाका, असे ते म्हणत होते. साध्या एक्स-रेत दाढेची मुळे खालच्या नसेवर टेकलेली दिसत होती. टेकलेली की नुसती एका रेषेत आलेली, हे त्यात कळत नव्हते. ही नस पुढे खालच्या ओठाला जाते. दाढ काढताना ती दुखावली तर ओठ आणि हनुवटी बधिर होतात. कोणाचे महिन्या-दोन महिन्यांत बरे होते, कोणाचे कधीच होत नाही. चहा पिताना कप ओठाला लागलेला कळत नाही, एवढाच त्रास असता तर माणूस निभावून नेईल. ट्रम्पेट वाजते ते ओठांच्या थरथरण्यावर.

मी हे त्यांना दवाखान्यात समजावले तेव्हा त्यांनी खालचा ओठ दोन बोटांत धरून पाहिला, आणि म्हणाले, "बाकी काय बी गये ते चाली, साहेब. ओठ नको."

सरांनी त्यांना यंत्रात बसवले, हनुवटी टेकवली, कपाळाला पट्टा बांधला, जीभ टाळूला लावून ठेवायला सांगितली आणि बाहेर येऊन कळ दाबली. यंत्र फिरले. चित्र उमटले, आणि सरांचा चेहरा बदलला. प्रत्येक हाडाला दोन कडा होत्या. खऱ्या कडेशेजारी फिकट अशी दुसरी.

"भाऊ, हाललात तुम्ही," सर म्हणाले.

"नही साहेब. मी नही हालनू." मग जरा विचार करून, प्रामाणिकपणे, "पाय हालना व्हई."

हळूहळू उलगडा झाला. यंत्राचा हात फिरताना घर्र असा आवाज होई आणि मध्येमध्ये हलकेच टक् असा ठोका पडे. आयुष्यभर ठोक्यावर जगलेला माणूस, पायाने ताल धरून बसला होता. पायाचा ठेका अंगातून मानेपर्यंत पोचला होता. "त्यानी चाल बरी शे," यंत्राकडे बोट दाखवून ते म्हणाले. अपराधी वाटत असतानाही ते कौतुक त्यांना लपवता आले नाही.

मी पडद्याजवळ गेलो. दुहेरी कडांतून मला मुळे आणि नस यांच्यामध्ये हाडाची एक बारीक पांढरी रेघ दिसली, निदान दिसल्यासारखी वाटली. सराई जवळ आली होती, साक्रीहून हे लांबचे येणे झाले होते, आणि घाई हा माझा मूळचा स्वभाव. मी म्हणालो, "सर, नस सुटी दिसते आहे. काढून टाकतो मी दाढ."

सर पडद्याकडेच पाहत होते. "डॉक्टर, या फोटोत दोन जबडे आहेत. तुम्ही कुठल्याचं ऑपरेशन करणार?"

ते रागाने बोलले नाहीत. मी पडद्यापासून मागे सरलो.

मग ते उठून अंगणात गेले आणि लिंबाच्या झाडाखाली येरझाऱ्या घालू लागले. काकूंनी आतून चहा पाठवला, तो निवून गेला. दुसरा फोटो घेणे त्यांना सोपे नव्हते, हे मी जाणून होतो. विनाकारण एकही जादा फोटो कोणाच्या अंगावरून जाऊ नये, म्हणून तर ते आमच्या चिठ्ठ्या परत करीत. परत आल्यावर ते सरळ भाऊंसमोर स्टूल ओढून बसले.

"चूक माझी आहे, भाऊ. मी डोकं बांधलं आणि पाय मोकळे सोडले. दुसरा फोटो घ्यावा लागेल, तुमची हरकत नसेल तर. पण त्याआधी आपण सराव करू."

सरांची पहिली युक्ती केळ्यांची होती. त्यांनी घरातून दोन पिकलेली केळी आणली आणि भाऊंच्या तळव्यांखाली ठेवायला वाकले. पाय हलला की केळे चेंगरेल आणि कळेल, असा बेत. भाऊंनी पाय वर ओढून घेतले.

"साहेब, अन्न शे हाई. पायखाल कसं ठेवू?"

सर तसेच वाकलेले राहिले. मग केळी बाजूला ठेवून त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले. साठी उलटलेला, दंतमहाविद्यालयात विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवलेला तो माणूस एका वाजंत्र्यासमोर कान धरून उभा होता, आणि भाऊ लाजून "राहू द्या, राहू द्या" म्हणत होते. दारात उभ्या काकूंनी हे पाहिले, त्या आत गेल्या आणि पितळेचा एक पेला काठोकाठ भरून घेऊन आल्या.

"हा धरा मांडीवर," त्या म्हणाल्या. "सांडला तर मला फरशी पुसावी लागेल, एवढं ध्यानात ठेवा."

यंत्र किरण न सोडता नुसते फिरवता येते. सरांनी ते तसे फिरवले. पहिल्या खेपेला पाणी सांडले. काकूंनी फरशी पुसली, पेला पुन्हा भरला. दुसऱ्या खेपेलाही सांडले, पण कमी. मग सरांनी विचारले, की बॅण्डमध्ये इतर वाद्ये वाजत असतात आणि ट्रम्पेटची पाळी यायची असते, तेव्हा तुम्ही काय करता? भाऊ म्हणाले, ऐकतो. पाय? भाऊ विचारात पडले. म्हणाले, उस्ताद म्हणायचे, पाळी नसताना पाय हलवणाऱ्याला पाळी आली की दम पुरत नाही. पण उस्ताद गेले आणि मी सैल पडलो. सर म्हणाले, "आज उस्ताद आत बसलेत असं समजा. आज तुमची पाळी नाही, यंत्राची आहे."

त्यानंतर यंत्र फिरले आणि पेल्यातले पाणी हलले नाही. आणखी एकदा नुसते फिरवून पाहिले. मग दार लागले. काचेतून सर भाऊंच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हते, पेल्याकडे पाहत होते. फेरी पूर्ण झाली. आत जाऊन सरांनी पट्टा सोडला आणि म्हणाले, "प्या आता ते."

चित्र स्वच्छ आले होते. सरांनी नेहमीप्रमाणे निरोगी बाजूने सुरुवात केली. त्या दिवशी मी चुळबुळ केली नाही. पुष्कळ वेळाने दुखरी दाढ आली, आणि मला दिसलेली ती पांढरी रेघ कुठेही नव्हती. नस दाढेच्या दोन मुळांच्या मधल्या खाचेतून गेली होती, दोन्हीकडून मुळांना अंग घासत. मध्ये हाडाचा कागदही नव्हता. दाढ उपटली असती तर नस तिच्याबरोबर ओढली गेली असती.

भाऊंना त्यांनी ते शेतीच्या भाषेत सांगितले : नस म्हणजे पाट, त्यातून ओठाला पाणी जाते. भाऊंचे शेत पांझरा नदीच्या फडात, बंधाऱ्याच्या पाण्याखाली होते, पाटाच्या पाण्यावरच वाढलेला माणूस, त्यांनी पडद्याकडे पाहिले आणि म्हणाले, "म्हंजे पाटमा दगड पडेल शे."

"बरोबर. आणि दगड उचलला तर पाट फुटेल."

पुढे काय करावे हे मी सरांना विचारले. त्यांनी सांगितले नाही. "पाट कुठे आहे हे सांगणं माझं काम. दगडाचं काय करायचं ते तुमचं."

परतताना गाडीत भाऊ पाळधी यायच्या आतच झोपी गेले. मी एरंडोल, पारोळा मागे टाकीत विचार करीत होतो. अशा वेळी एक मार्ग असतो : दाढेचा वरचा भाग तेवढा कापून काढायचा आणि मुळे जिथल्या तिथे सोडून हिरडी शिवून टाकायची. पुस्तकात मी तो वाचला होता, केला कधीच नव्हता. मूळ मागे राहणे हा आमच्याकडे कमीपणा समजला जातो. कोणी डॉक्टरने मूळ सोडले की दुसरा डॉक्टर रुग्णासमोर ते बोलून दाखवतो, मीही दाखवले आहे. धुळे जवळ आले तेव्हा माझ्या लक्षात आले, की मी भाऊंच्या ओठापेक्षा त्या टोमण्याचाच विचार अधिक वेळ करीत होतो. ते ध्यानात आल्यावर निर्णय सोपा झाला.

मी मुळे सोडली. दुसऱ्या दिवशी, भूल पूर्ण उतरल्यावर, भाऊंना डोळे मिटायला सांगून त्यांच्या खालच्या ओठावर कापसाचा धागा फिरवला. डावीकडे फिरवला, ते "डावा" म्हणाले. उजवीकडे फिरवला, "उजवा" म्हणाले. जखम भरायला वेळ लागला, पण सराईत ते वाजवायला उभे राहिले. सरांचा फोन आला होता. त्यांनी एवढेच विचारले, "कापूस कळला का?" मी हो म्हणालो. त्यांनी फोन ठेवला.

सोडलेल्या मुळांचे आत काय होते आहे, याची उत्सुकता मला पुढे बरेच दिवस लागून राहिली. अशी मुळे कधीकधी आपोआप वर सरकतात आणि नसेपासून दूर जातात, असे वाचले होते. मी सरांना म्हणालो, की भाऊंचा आणखी एक फोटो काढून पाहू.

"त्यांना दुखतंय?"

"नाही."

"सूज?"

"नाही. पाहावंसं वाटतं, एवढंच."

"मग दुखणं तुमचं आहे, डॉक्टर. त्यांच्या जबड्याला का त्रास?"

मी तो विषय पुन्हा काढला नाही.

सरांनी काम थांबवले तेही त्यांच्याच रीतीने. एका हिवाळ्यात त्यांनी एक वांगे पास केले, आणि काकूंनी ते भाजायला घेताना सवयीने चीर दिली तर आत अळी निघाली. काकूंनी ती हसत हसत दाखवली. सर हसले नाहीत. ते पुन्हा केंद्रात गेले, सकाळचे चित्र उघडले, एकेक काप सरकवत गेले. भोक स्पष्ट होते. त्यांच्या नजरेतून सुटले होते. काकूंनी परोपरीने सांगितले, की वांगे आहे ते, माणूस नव्हे. सर म्हणाले, माणसात असती तर चिरून पाहायला तू नव्हतीस. त्याच महिन्यात त्यांनी केंद्र एका तरुण डॉक्टरीणबाईंच्या हवाली केले. मागच्या घरात राहूनही ते पुन्हा त्या खोलीत गेले नाहीत. आम्हा काहीजणांना हा अतिरेक वाटला. मलाही वाटला, अजूनही थोडा वाटतो. पण माझ्या स्वतःच्या नजरेतून काय काय सुटले असेल, हे तपासायला माझ्याकडे कधीच वांगे नव्हते, एवढे मात्र त्या दिवसापासून मनात राहिले.

आता धुळ्यातही असे यंत्र आले आहे. गेल्या उन्हाळ्यात, सराई आटोपल्यावर, भाऊ माझ्याकडे आले. त्याच जुन्या जागी हिरडीतून काहीतरी टोचत होते. मी आरसा घालून पाहिले : मुळाचे टोक वर आले होते. आता ते काढणे भाग होते, आणि काढण्याआधी नस कुठे आहे हे कळणे भाग होते. या वेळी कारण होते.

मी त्यांच्याबरोबर गेलो. तंत्रज्ञ मुलगी नवी होती. तिने भाऊंना बसवले, हनुवटी टेकवली, पट्टा बांधू लागली. भाऊ म्हणाले, "थांब ना बेन." ते उठले, कोपऱ्यातल्या माठाजवळ गेले, स्टीलचा पेला काठोकाठ भरला, जपून पावले टाकीत परत आले आणि पेला दोन्ही हातांत धरून मांडीवर ठेवून बसले. तिने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "असू द्या."

यंत्र फिरले. चित्र पडद्यावर येताच तिने सरळ दुखऱ्या जागेवर बोट ठेवले. मी तिला दुसऱ्या बाजूने सुरू करायला सांगितले. निरोगी हाड पाहत पाहत आम्ही त्या जागी पोचलो. मुळे नसेपासून चांगली दूर सरकली होती, आणि मध्ये, जिथे पूर्वी कागदही नव्हता, तिथे नवे हाड भरून आले होते. जाळीदार, केळीच्या खांबासारखे. काढायला आता काहीच भीती नव्हती. भाऊंना मी म्हणालो, दगड आपला आपण सरकला, पाट जागच्या जागी आहे. त्यांनी मान हलवली आणि पेल्यातले पाणी पिऊन टाकले.

बाहेर येऊन मी जळगावला फोन लावला. काकूंनी उचलला आणि सरांना दिला. मी सगळे सांगितले. नवे हाड कुठवर आले आहे, मुळे किती सरकली आहेत, बोलता बोलता माझा आवाज जरा चढला असावा. सर ऐकत होते.

मग त्यांनी विचारले, "पाणी सांडलं का?"

"नाही, सर."

"मग फोटोवर विश्वास ठेवायला हरकत नाही," ते म्हणाले, आणि फोन काकूंकडे दिला.